भिंतीवरचे बदाम

"हलू नकोस. शिंकू नकोस. आणि श्वास घ्यायचाच असेल तर तिकडे तोंड करून घे," भिंगरी म्हणाली.

दांडू टेकडीच्या ओल्या उतारावर पालथा पडला होता. कोपराखाली चिखल, मानेवर मुंगी आणि हातात कागदाची पिशवी. त्याच्या नाकासमोरून एक हिरवी, केसाळ दोरी जमिनीवर सरपटत गेली होती आणि त्या दोरीवर बोटभर उंचीच्या पिवळ्या मेणबत्त्या उभ्या होत्या. भिंगरीने एका मेणबत्तीखाली पिशवीचं तोंड धरायला लावलं आणि नखाने हळूच टिचकी मारली. भस्सकन पिवळा धूर निघाला आणि पिशवीत उतरला.

"आग लागली," शेपूट शांतपणे म्हणाली.

आग नव्हती, पूड होती. पण शेपटाला हे समजावत बसायला कुणाला वेळ नव्हता, कारण ती पूड वाऱ्याची चाहूल लागली तरी उडून जात होती.

ही तिघं कोण, ते सांगायला हवं. भिंगरी बारा वर्षांची. सुट्टीत मावशीकडे आलेली. तिला हे नाव शाळेतल्या बाईंनी ठेवलं, कारण आख्ख्या तासात ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. दांडू तिचा मावसभाऊ. देवाने त्याला उंची देताना हात सैल सोडला आणि रुंदीच्या वेळी आखडता घेतला. आणि शेपूट ही दांडूची धाकटी बहीण. हे दोघं जातील तिथे ती मागे असायचीच. या नावाचा तिला मुळीच राग नव्हता. शेपूट नसेल तर माकड फांदीवरून पडतं, असं ती चिडवणाऱ्याला सांगायची, आणि माकड कोण हे समोरच्यावर सोपवायची.

मावशी, म्हणजे दांडू आणि शेपटाची आई, गावातल्या मोठ्या बागेत कामाला होती. तिच्या ताब्यात तिथलं काचघर होतं आणि काचघरात फक्त नेचे. ज्यांना फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही, असल्या झाडांवर जीव टाकणारी जगात दोन-चारच माणसं असतील. त्यातली एक मावशी. सुट्टीत पोरं घरात बसून डोकं खाऊ लागली, तेव्हा तिने त्यांना कामाला लावलं. टेकडीवर जा, वेगळा दिसेल तो नेचा शोधा, एक पान आणा, मुळाला हात लावाल तर याद राखा. आणि क्लबमॉस, म्हणजे जमिनीवर सरपटणारी ती हिरवी दोरी, सापडला, तर निम्म्या मेणबत्त्यांनाच टिचकी मारा, उरलेल्या त्याच्या त्याला असू द्या.

"मॉस म्हणजे शेवाळ, पण हे शेवाळ नव्हे," मावशीने सांगितलं होतं. "नेच्यांचा लांबचा चुलता समजा. फार जुनं घराणं."

त्या दिवशी घरी आल्यावर मावशीने पिशवीतली पूड एका काचेच्या बाटलीत भरली. मग वाटीभर पाणी घेतलं, त्यावर पिवळ्या पुडीचा पातळ थर पसरला आणि भिंगरीला म्हणाली, घाल बोट. भिंगरीने बोट पाण्यात बुडवलं, पार तळाला टेकवलं आणि बाहेर काढलं. बोट कोरडं ठणठणीत! वर नुसती पिवळी धूळ. तिने फुंकर मारली, तीही गेली.

"पाण्याला ही पूड शिवू देत नाही," मावशी हसत म्हणाली. "तुझ्या बोटाला मोजा घातला बघ तिने."

बाटली भिंगरीला मिळाली. शाळा उघडल्यावर वर्गात हा प्रयोग करायचा, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मागच्या बाकावरच्या त्या शहाण्यांची तोंडं कशी होतील, हे डोळ्यांपुढे आणून ती रात्री अंथरुणातसुद्धा हसत होती.

पण ही गोष्ट काही बाटलीची नाही. ही मोरनेच्याची.

काचघराच्या कोपऱ्यात, मोठ्या झाडनेच्याच्या सावलीत, एकच कुंडी होती. उजेडात आणली तर तिच्यातला नेचा अगदी साधा दिसायचा. पण सावलीत ठेवून, खाली वाकून, मान तिरकी करून पाहिलं की पानावरून निळी झाक सरकत जायची. मोराच्या मानेवरून सरकते, तशी. म्हणून पोरांनी त्याला मोरनेचा म्हटलं, आणि मावशीही तेच म्हणू लागली.

मावशीच्या बाई, म्हणजे तिला नेचे शिकवणाऱ्या, तरुणपणी दोराला लटकून एका घळीत उतरल्या होत्या आणि तिथून त्यांनी हा आणला. नंतर नदीवर धरण झालं आणि ती घळ पाण्याखाली गेली. बाईंनी नंतर पुष्कळ डोंगर पालथे घातले, पण दुसरा मोरनेचा त्यांना दिसला नाही. निवृत्त होताना त्यांनी कुंडी मावशीच्या हातात दिली.  

आणि आता तो म्हातारा झाला होता. नवं पान येई ते आधीच्यापेक्षा लहान. त्याला फुटवे नव्हते, म्हणून तोडून दोन कुंड्या करता येत नव्हत्या. एकच मार्ग होता. मावशीने पोरांना पान उलटं करून दाखवलं. मागच्या बाजूला ठिपक्यांच्या रांगा.

"किडे," शेपूट मागे सरकली.

"सगळ्यांना तसंच वाटतं. पण या पुड्या आहेत, नेच्याच्या. हिरव्या आहेत तोवर कच्च्या. तपकिरी झाल्या की पान काढून कागदात ठेवायचं. पूड आपोआप सांडते. बीऐवजी ती ओल्या मातीवर पेरायची. मग आधी नुसती हिरवी साय धरते, आणि नेचा वर यायला त्यापुढे कितीतरी महिने."

तिने मागच्या वर्षीही वाट पाहिली होती. पण पुड्या पिकायला आल्या, की पान कोरं. या वर्षी दोन पानांना पुड्या धरल्या. पहिल्या पानाच्या तपकिरी व्हायला लागल्या तशी ती रोज जाऊन बघत होती. सोमवारी काचघराला सुट्टी. मंगळवारी मावशी गेली, पोरंही बरोबर होती, तिने पान उलटं केलं आणि तशीच उभी राहिली. एकही ठिपका नव्हता.

"गळले," ती म्हणाली. "त्याच्यात आता दमच राहिला नाही."

त्या रात्री मावशीने भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि कुणीही तसं बोललं नाही. कारण पुढच्या सोमवारी बाई येणार होत्या. खूप वर्षांनी, खास मोरनेचा बघायला. आता दुसरं पान उरलं होतं, त्याच्या पुड्या आत्ता कुठे तपकिरी होऊ लागल्या होत्या. ते त्यांच्याच हाताने काढायचं, असं मावशीने ठरवलं होतं.

भिंगरीला मात्र झोप येईना. ठिपके गळले, तर पूड कुठे गेली? खालच्या पानावर सांडायला हवी होती, कुंडीखालच्या काळ्या फरशीवर तर चांगली दिसायला हवी होती. दुसऱ्या दिवशी तिने दांडूला ओढत नेलं. फरशी स्वच्छ. पानाची मागची बाजू नुसती कोरी नव्हती, तिच्यावर बारीक रेघा होत्या, घासल्यासारख्या. आणि शेजारच्या कुंड्यांतल्या नेच्यांच्या पाठीही कुणीतरी आंघोळ घातल्यासारख्या.

दांडूचा संशय गोगलगाईंवर होता. शेपटाचा एका चोरावर, ज्याच्या शर्टावर ठिपके असणार. भिंगरीने मावशीला विचारून विचारून भंडावलं, तेव्हा एक गोष्ट कळली. मागच्या वर्षीही हे कळलं होतं ते मंगळवारीच.

म्हणजे जे काही होतं ते सोमवारी होतं. काचघर बंद असताना, मावशी घरी असताना.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती वैतागली. म्हणाली, किल्ली दोघांकडे असते, माझ्याकडे आणि साहेबांकडे. साहेब काय नेच्याचे ठिपके पळवणार? पोरांनी नसते उद्योग करू नयेत.

बागेचे साहेब मागच्याच वर्षी आले होते. पोरं त्यांना चकचकसाहेब म्हणत. बागेत फिरताना कठड्यावर डाग दिसला, तर ते अंगठा ओला करून तिथल्या तिथे पुसत. बाकावर कुणी बसलं की हातात फडकं घेऊन ते उठायची वाट बघत उभे राहत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या हाताला स्वस्थता नव्हती, आणि दुसऱ्याला काही विचारून करायची सवयही नव्हती.

त्याच आठवड्यात शेपटानेही एक शोध लावला होता, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. काचघरामागे फुटक्या कुंड्यांचा ढीग होता आणि त्यापलीकडे एक जुनी विटांची भिंत. वरच्या टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याने ती कायम ओली असे. तिकडे कुणी फिरकत नसे. शेपूट फिरकली. येताना मूठ घट्ट मिटून आली आणि भर उन्हात ओसरीवर बसलेल्या आईपुढे उघडली.

"आई, भिंतीवर बदाम उगवलेत. हिरवे. पत्त्यातले असतात ना, तसले. इतके, इतके आहेत."

मुठीत धरून धरून त्या बदामांचा चोथा झाला होता. मावशीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिने एक नजर टाकली, ओल्या भिंतीवर असलं शेवाळ येतंच म्हणाली, आणि हात धुवून ये म्हणाली. शेपटाने हात धुतले. पण पाय आपटत.

सोमवार उजाडला. मावशी सकाळीच बाईंना आणायला स्टेशनवर गेली. ती वळणाआड होताच तिघं बागेच्या मागच्या कुंपणातून आत. काचघराच्या पुढच्या दाराला कुलूप होतं, पण खाली, जमिनीलगत, हवेसाठी एक झडप होती. तिच्यातून मांजर जाऊ शकत होतं आणि शेपूट. तिने आत जाऊन खिडकीची कडी काढायची, असं ठरलं होतं.

"आत चोर असला तर?" शेपटाने अर्ध्यात अडकून विचारलं.

"ओरड."

"आणि चावू का?"

"आधी ओरड."

ती आत गेली. कडी गंजली होती, करकरत होती, निघता निघेना. आणि तेवढ्यात भिंगरीला आतून गुणगुणणं ऐकू आलं. कुणीतरी मजेत गात होतं. कडी निघाली. दोघं खिडकीतून आत उतरली आणि तिघंही पाठोपाठ झाडनेच्याच्या बुंध्याआड दडली. भिंगरीने पान बाजूला करून पाहिलं आणि तिचे डोळेच मोठे झाले.

चकचकसाहेब! बाह्या वर केलेल्या, पुढ्यात बादली. डाव्या तळहातावर त्यांनी मोरनेच्याचं पान बाळाच्या डोक्यासारखं अलगद धरलं होतं आणि उजव्या हातातल्या दातांच्या ब्रशने ते पानाची पाठ साफ करत होते. ब्रश पाण्यात बुडव, घास, परत बुडव.

"झालं हं, झालं," ते पानाला सांगत होते. "गेले बघ सगळे किडे. आता पाहुण्यांसमोर कसं स्वच्छ जायचं."

भिंगरीने हाक मारायला तोंड उघडलं. पण साहेबांनी पान सोडलं, ते कोरं होतं. ओरडून आता काय मिळणार होतं? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बादली," ती दांडूच्या कानात म्हणाली. "पुड्या बादलीत आहेत. बादली धरायची."

पण साहेब तोवर बादली उचलून मागच्या दाराने बाहेर पडलेसुद्धा, आणि सवयीने दार बाहेरून लावून घेतलं. पोरं दाराकडे धावली. काचेवर हात आपटले. साहेब पाठमोरे होते आणि गाणं जोरात चाललं होतं. त्यांनी बादली मागे नेली आणि एका झोकात सगळं पाणी त्या ओल्या भिंतीवर फेकलं. फळ्ळकन. मग ब्रश झटकून खिशात ठेवला आणि फाटकाकडे निघून गेले. त्यांना छापखान्यातून स्वागताची पाटी आणायची होती.

तिघं खिडकीतून बाहेर आली. भिंगरीला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मावशी या घटकेला स्टेशनवर उभी असेल. बाईंना कसं सांगायचं याचं वाक्य मनात जुळवत असेल. तिला वाटत असेल की निदान एक पान तरी आहे. आणि तेही नाही.

"हीच माझी भिंत," मागून शेपूट म्हणाली. "बघा, बदाम. आई शेवाळ म्हणते."

भिंगरीने नाइलाजाने पाहिलं. भिंतीवर खरंच बदाम होते. नखाएवढे, हिरवेगार, विटेला चिकटलेले, एकावर एक. काही ठिकाणी नुसती हिरवी साय. आणि काही बदामांच्या खाचेतून एक एवढंसं पान वर आलेलं.

साय. हा शब्द तिने कुठेतरी ऐकला होता.

"निळं आहे," शेपूट म्हणाली. ती फुटक्या कुंड्यांत आडवी होऊन, गाल जमिनीला लावून वर बघत होती. "इथून बघितलं की निळं दिसतं."

भिंगरी धाडकन तिच्या शेजारी आडवी झाली. मान तिरकी केली. त्या पिटुकल्या पानांवरून एक निळी झाक सरकत गेली. एकावरून नाही, दोनांवरून नाही, भिंतभर. दांडूने आडवं व्हायला जागा नव्हती म्हणून गुडघ्यांतून घडी घातली आणि तोही बघू लागला.

सगळं एकदम जागेवर बसलं. आधी साय, सायीचे बदाम, बदामातून नेचा. साहेब वर्षभर ठिपके घासत होते आणि वर्षभर बादली इथेच ओतत होते. पुढे ओल्या विटा, वरून टाकीचं ठिबक, दिवसभर सावली. मोरनेच्याला घळीत तरी याहून वेगळं काय मिळालं असेल?

"आई नाचेल," दांडू म्हणाला.

तेवढ्यात फाटकाकडून खडखडाट आला. एक हातगाडी. तिच्यावर चुन्याची बादली, हात धुवायच्या पाण्याची बादली, शिडी, तारेचे ब्रश आणि पत्र्याच्या खरवडण्या. पुढे रंगारीकाका, मागे त्यांचा मदतनीस. काकांनी शिडी नेमकी त्याच भिंतीला लावली आणि बाह्या सावरल्या.

भिंगरी भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. काकांनी तिला प्रेमाने बाजूला व्हायला सांगितलं. साहेबांचा हुकूम होता. ही हिरवी घाण खरवडायची, वर चुन्याचे दोन हात द्यायचे, आणि पाहुणे यायच्या आत आवरायचं. ती घाण नाही, दुर्मिळ झाड आहे, हे दांडूने सांगून पाहिलं. काकांनी भिंतीकडे पाहिलं, दांडूकडे पाहिलं आणि विचारलं, ऊन लागलं का रे? ते म्हणाले, साहेबांनी येऊन थांब म्हटलं तर थांबतो. पोरांचं ऐकून काम थांबवलं तर उद्यापासून घरी बसावं लागेल. आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

खरवडणी विटेला लागली. कर्रकन एक रेघ उमटली आणि पाच-सहा बदाम खाली पडले.

भिंगरीचा हात पिशवीत गेला. बाटली तिथेच होती. सुट्टीभर तिने ती क्षणभरही सोडली नव्हती.

"काका, पैज लावता?"

खरवडणी थांबली. पैज म्हटल्यावर थांबणारी माणसं असतात, आणि रंगारीकाका त्यातले होते, हे त्यांच्या मदतनीसाच्या हसण्यावरून कळलं.

भिंगरीने हात धुवायची स्वच्छ पाण्याची बादली पुढे ओढली. "मी या पाण्यात मनगटापर्यंत हात घालते आणि कोरडा बाहेर काढते. हात ओला झाला तर आम्ही तिघं दिवसभर तुमच्या हाताखाली राबू. कोरडा निघाला, तर मावशी परत येईपर्यंत तुम्ही ही भिंत सोडून दुसरं काम करायचं."

"तेल लावलंयस हाताला."

"हुंगून बघा."

काकांनी हुंगलं. मदतनीसाने हुंगलं. मग काकांनी स्वतःचा हात बादलीत घालून पाण्याची खात्री केली, तो ओलाचिंब झाला आणि त्यांनी तो विजयी मुद्रेने दाखवला. पैज लागली.

भिंगरीने बाटली उघडली. वाटीला चिमूट पुरली होती. बादलीचं तोंड भलं रुंद होतं. तिने अर्धी बाटली ओतली. थर विरळ दिसला. शाळा, मागचा बाक, ती सगळी तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. तिने बाटली पालथी केली आणि तळावर चापट मारून शेवटचा कणही पाण्यावर पाडला.

मग श्वास धरून हात आत घातला. बोटं, तळवा, मनगट. सगळ्यांच्या माना बादलीवर. हात बाहेर आला. पिवळा, आणि कोरडा! तिने काकांच्या तोंडासमोर धरून फुंकर मारली. धूळ उडाली, काकांना शिंक आली.

"परत," काका म्हणाले.

परत. मग त्यांनी स्वतःचा हात पुसून घातला. कोरडा. मदतनीसाने घातला. कोरडा. काकांनी कोपरापर्यंत घालून पाहिला आणि पुडीचा थर फाटून कोपर ओलं झालं, तेव्हा ते लहान मुलासारखे म्हणाले, हे धरायचं नाही. दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला. शिडी फाटकाच्या खांबांकडे गेली. जाताना ते अजून आपली बोटं निरखत होते.

दांडूने पडलेले बदाम ओल्या विटेवर परत चिकटवले. शेपूट पहाऱ्याला बसली. आणि भिंगरी फाटकापर्यंत पळत जायची, परत यायची, पुन्हा जायची.

शेवटी गाडी आली. मावशी उतरली आणि तिच्या हाताला धरून एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या आजी. हातात काठी, गळ्यात भिंग. मावशीचा चेहरा असा, की जणू नापासाचा निकाल घेऊन घरी आली आहे. भिंगरीने काही सांगितलं नाही. सांगत बसली तर मावशी विश्वास ठेवणार नाही, हे तिला माहीत होतं. तिने सरळ तिचा हात धरला आणि ओढत मागे नेलं. बाईही काठी टेकत मागोमाग आल्या.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने साहेब उगवले. काखेत पाटी, खिशात दातांचा ब्रश. भिंतीकडे नजर जाताच ते गरजले, "ही घाण अजून इथेच? रंगारी कुठे आहे?"

पण बाई गुडघ्यांवर बसत होत्या. काठी बाजूला ठेवून, भिंग डोळ्याला लावून त्यांनी मान तिरकी केली. बराच वेळ त्या तशाच होत्या. मावशी त्यांच्या मागे वाकली. तिने एकदाच पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर धरले.

"मी तीन वेळा पेरून पाहिला होता," बाई म्हणाल्या. "माझा एकदाही रुजला नाही. हे कुणी पेरलं?"

भिंगरीने साहेबांकडे पाहिलं. आता सगळं सांगून टाकावं, असं तिला फार वाटत होतं. मावशीने वर्षभर काय सोसलं, भाजीत मीठ दोनदा का पडलं, सगळं. पण मग तिला तळहातावर अलगद धरलेलं ते पान आठवलं.

"साहेबांनी," ती म्हणाली.

"मी? छे, मी कशाला..."

"दर सोमवारी तुम्ही ब्रशने किडे काढायचात ना, ते पाणी इथे ओतायचात. ते किडे नव्हते, साहेब. त्या पुड्या होत्या."

साहेबांचा हात नकळत खिशातल्या ब्रशवर गेला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग मावशीकडे. त्यांचे कान आधी लाल झाले आणि मग सगळा चेहरा.

"मला विचारायचं तरी," मावशी म्हणाली. तिचा आवाज रागाने थरथरत होता की आनंदाने, ते तिलाही कळत नसावं.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं," साहेब पुटपुटले. "बाईंचं झाड, त्याला कीड लागलेली. म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत काढून टाकावी."

बाई हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना उठवायला दांडू आणि मावशी दोघंही लागले. निळी झाक कशी दिसली, ते पोरांकडून ऐकल्यावर त्या म्हणाल्या की आयुष्यभर त्यांनी पुष्कळ शिकलेले लोक पाहिले, पण आडवं पडून, मातीला गाल लावून बघणारी माणसं फार थोडी भेटली. आज एका दिवसात तीन भेटली. शेपटाला त्यांनी आपलं भिंग गळ्यात घालायला दिलं. मावशी तिच्यापुढे खाली बसली आणि म्हणाली की तू मुठीत बदाम आणलेस तेव्हा मी नीट बघितलंच नाही, चुकलं माझं. शेपटाने क्षणभर विचार करून माफ केलं.

साहेबांनी स्वतः जाऊन रंगारीकाकांना सांगितलं की मागच्या भिंतीला बोट लावायचं नाही. काकांनी आपलं बोट वर करून दाखवलं आणि ते कसं कोरडं राहिलं होतं, ते साहेबांना सविस्तर सांगितलं. साहेब लगेच बादली मागू लागले. पण पूड संपली होती. भिंगरीने रिकामी बाटली दाखवली, आणि तेव्हा मावशीला कळलं की ती कशी संपली.

 सुट्टी संपून भिंगरी घरी निघाली, त्या दिवशी मावशी स्टेशनवर एक झाकणाची बरणी घेऊन आली. आत विटेचा ओला तुकडा, त्यावर चार बदाम आणि एका बदामाच्या खाचेतून वर आलेलं नखाएवढं पान.

"एकाच भिंतीवर सगळे ठेवायचे नसतात," ती म्हणाली. "बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, जिने वाचवले तिला द्या. सावलीत ठेव. आणि वाटेत हलवू नकोस, मुळं अजून धरलेली नाहीत."

गाडी सुटली. डब्यातली माणसं उठली, बसली, खाली उतरली, नवी चढली. खिडकीतून नदी गेली, पूल गेला, बोगदा आला. समोरच्या बाकावरच्या एका प्रवासी बाईंनी घरी गेल्यावर सांगितलं असेल, की आज एक मुलगी पाहिली, मांडीवर बरणी धरून, मान तिरकी करून, इतकी शांत बसलेली. गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंत जागची हलली म्हणून नाही.